बाळ दत्तक द्यायचं असेल, तर आधी आईला धरा

प्रश्न थोडक्यात असा आहे: धाकटी बहीण 20 वर्षांची, अविवाहित, सतरावा आठवडा चालू आहे. ज्याचं बाळ आहे त्यानं हात वर केलेत. आई आणि मामा म्हणतात, 'लवकर मोकळी करून आणा.' विचारणाऱ्या ताईंना गर्भपात अजिबात पटत नाही. त्यांच्या ओळखीत एक जोडपं आहे, लग्नाला बारा वर्षं झाली, मूल नाही, आणि ते बाळ घ्यायला एका पायावर तयार आहेत. बाळंतपण होऊ द्यावं आणि बाळ त्यांच्या ओटीत घालावं, हे चालेल का? आणि बहिणीची समजूत कशी घालावी?

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आईचं म्हणणं त्यात आहे, मामांचं आहे, तुमचं आहे, त्या जोडप्याचंसुद्धा आहे. जिच्या पोटात बाळ आहे तिचं म्हणणं मात्र एका ओळीतही सापडलं नाही. म्हणून आधी तिच्याबद्दल बोलते. दत्तकाची कागदपत्रं वगैरे सगळं सांगेनच.

मी 27 वर्षं दत्तक संस्थेत समाजकार्यकर्ती म्हणून काम करते आहे. माझं मत लपवत नाही: गर्भपात मलाही मनापासून नकोसा वाटतो. ज्या बाळांना जन्मायच्या आधीच सगळ्यांनी 'नको' म्हटलं होतं, अशी कितीतरी बाळं मी हातांत घेतली आहेत, आणि त्यातली काही आता माझ्यापेक्षा उंच झाली आहेत. त्यांच्याकडे पाहिल्यावर माझं मत दुसरं काही होऊच शकत नाही. पण माझं मत ही माझी गोष्ट आहे. ते दुसरीच्या शरीरावर लादण्याचा हक्क मला नाही, तुम्हालाही नाही. तुमच्या आईला आणि मामांना तर त्याहून नाही.

हे नुसतं माझं म्हणणं नाही, कायदाही तेच सांगतो. 1971 चा गर्भपाताचा कायदा आणि त्यात 2021 साली झालेले बदल पाहिले, तर अठरा पूर्ण झालेल्या स्त्रीच्या बाबतीत फक्त तिची स्वतःची लेखी संमती लागते. आईवडिलांची नाही, नवऱ्याचीसुद्धा नाही. 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. 20 ते 24 आठवड्यांसाठी दोघांचं लागतं आणि ती मुभा ठरावीक गटांतल्या स्त्रियांना आहे. 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं त्यात अविवाहित स्त्रियाही येतात असं स्पष्ट केलं. 24 नंतर मात्र गर्भात गंभीर व्यंग असल्याचं वैद्यकीय मंडळानं सांगितलं, किंवा आईच्या जिवावर बेतलं, तरच. आणि संमतीशिवाय कुणी गर्भपात घडवून आणला, तर भारतीय न्याय संहितेत त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. मामांना हे शांतपणे सांगा. भांडू नका, पण सांगा.

हे सगळं मी, गर्भपात नको म्हणणारी बाई, का सांगते आहे? कारण दत्तकाचा निर्णय तेव्हाच टिकतो, जेव्हा दुसरी वाट उघडी असतानाही तिनं ही वाट स्वतः निवडलेली असते. कोंडून, रडवून, पापाची भीती घालून 'हो' म्हणवून घेतलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. बाळंतपण होतं, बाळ दिलं जातं, आणि मग ती मुलगी वर्षानुवर्षं स्वतःलाही माफ करत नाही आणि बहिणीलाही. 'गर्भपात केलास तर पुन्हा मूल होणार नाही' असं सांगून घाबरवण्याची फार जुनी सवय आहे आपल्याकडे. तसं सांगू नका. वेळेत, नोंदणीकृत डॉक्टरकडे, नीट झालेल्या गर्भपातानंतर बहुतेक बायकांना पुढे मुलं होतात. तुमची बाजू खरी असेल तर तिला खोट्याचा टेकू कशाला हवा?

उलट दिलासाही तितकाच खोटा असतो. 'बाळ दिलं की सगळं मिटलं, नऊ महिने काढ, मग विसरून जा' असं तुम्ही तिला सांगणार असाल, तर आत्ताच थांबा. विसरता येत नाही. गर्भपाताला पर्याय म्हणून दत्तकाचं नाव घेणारी बहुतेक माणसं बाळाचा विचार करतात आणि मधले महिने वगळून टाकतात. सतराव्या आठवड्यापासून पुढे तेवीस आठवडे आहेत. पोट दिसायला लागेल. कॉलेज, शेजारी, लग्नकार्यं, 'जाड झालीस गं' म्हणणारी काकू. तेवढ्या दिवसांत ती कुठे राहणार, कोण तिला दवाखान्यात नेणार, रक्त कमी निघालं तर लोहाच्या गोळ्या रोज कोण आठवणीनं देणार, हे ठरलेलं नसेल तर 'दत्तक देऊ' हा नुसता शब्द आहे. जीव वाचवा म्हणणारे पाहुणे सहाव्या महिन्यापर्यंत गायब झालेले मी इतक्यांदा पाहिले आहेत, की आता नवीन केस आली की माझा पहिला प्रश्न असतो, 'सोबत कोण थांबणार?'

या बाबतीत आपल्याच मातीत घडलेली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1863 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवांना फसवलं जायचं, दिवस जायचे, मग एक तर चोरून गर्भ पाडायचा किंवा जन्मलेलं बाळ मारायचं, नाहीतर विहीर जवळ करायची. त्या काळात जोतीरावांनी गावात जाहिराती लावल्या: इथे या, गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हा, मूल न्या किंवा ठेवून जा, ते तुमच्या खुशीवर. 'खुशीवर' हे पाहा. बाळाला वाचवायचं म्हणून त्यांनी आधी आईसाठी खोली उघडली, आणि मूल न्यायचं की ठेवायचं हेही तिच्यावर सोडलं. तिथे बाळंत झालेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी स्वतः दत्तक घेतला. तो यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला आणि 1897 च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंच्या सोबतीनं रुग्णांवर उपचार करत होता. दत्तकाबद्दल शंका काढणाऱ्या नातेवाइकांना मी यशवंतरावांचं नाव सांगते. तुमच्या मामांनाही सांगा.

आता त्या जोडप्याबद्दल. ते सज्जन असतील, मला शंका नाही. तरी बाळ परस्पर त्यांच्या हातात देऊ नका.

हे परस्पर देणं कसं होतं, तेही सांगते, कारण ते अगदी साधेपणानं होतं. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका खासगी रुग्णालयात एका मुलीचं नाव दाखल करतानाच बदललं होतं. बाळ घेणाऱ्या बाईचं नाव पेशंट म्हणून लिहिलं, जन्मदाखला थेट त्या बाईच्या नावानं निघाला. सगळ्यांना वाटलं, किती सोयीचं झालं. सात महिन्यांनी कळलं की बाळाला ऐकू येत नाही. ते जोडपं बाळ घेऊन मुलीच्या दारात उभं राहिलं. ती तोवर दुसऱ्या गावी नोकरीला लागली होती. कागदावर ती त्या बाळाची कुणीच नव्हती, आणि ज्यांचं ते कागदावर होतं त्यांना ते नको होतं. ती गाठ सोडवायला आम्हाला दोन वर्षं लागली.

बाल न्याय कायदा 2015 मध्ये ठरलेली पद्धत डावलून बाळ दत्तक देणं-घेणं हा गुन्हा आहे, 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपये दंड किंवा दोन्ही. यात पैशाची देवाणघेवाण झाली तर ती मुलाची विक्री ठरते आणि शिक्षा 5 वर्षांपर्यंत जाते. रुग्णालयातलं कुणी त्यात असेल, तर 3 ते 7 वर्षं. 'आम्ही बाळंतपणाचा खर्च करतो' हे वाक्यही मला धोक्याचं वाटतं, कारण खर्च कुठे संपतो आणि किंमत कुठे सुरू होते हे पुढे कुणालाच सांगता येत नाही. एखादा वकील सांगेल की 1956 च्या हिंदू दत्तक कायद्यानं दत्तकपत्र करून ओळखीत मूल देता येतं. तो कायदा आहे, खरं आहे. पण त्या वाटेत घेणाऱ्या घराची कुणी चौकशी करत नाही आणि देणाऱ्या आईला परत विचार करायला दिवस मिळत नाहीत. अविवाहित मुलीसाठी मी ती वाट कधीही सुचवलेली नाही. शिवाय ओळखीतलं घर म्हणजे दर दिवाळीला समोरासमोर येणं. तुमच्या बहिणीला ते झेपेल का, ते तुम्ही गृहीत धरताय.

सरळ वाट अशी आहे. प्रत्येक जिल्ह्यात बाल कल्याण समिती असते, आणि बऱ्याच जिल्ह्यांत सरकारमान्य विशेष दत्तक संस्था असतात, ज्यांना लोक शिशुगृह म्हणतात. बाळंतपणाआधीच अशा संस्थेत येऊन बोलता येतं. काही संस्था आणि शासकीय महिला गृहं शेवटचे महिने राहायची सोयही करतात. बाळ झाल्यावर आई समितीसमोर येते. तिचं समुपदेशन होतं, बाळ स्वतःजवळ ठेवण्यासाठी काही मदत करता येईल का हेही विचारलं जातं. तरीही तिचा निर्णय कायम असेल तर ती समितीसमोर समर्पणपत्रावर, म्हणजे बाळावरचा हक्क सोडत असल्याच्या कागदावर, सही करते. अविवाहित आईची एकटीची सही पुरते. ज्यानं हात वर केलेत त्याच्या मागे फिरायची गरज नाही.

त्यानंतर 60 दिवस असतात. या दोन महिन्यांत बाळ संस्थेत राहतं, कुणालाही दिलं जात नाही, आणि आईला वाटलं तर ती येऊन बाळ परत नेऊ शकते. सगळ्या कायद्यात मला हेच कलम सर्वांत माणुसकीचं वाटतं. बाळंतपणाच्या थकव्यात घेतलेला निर्णय आणि दोन महिन्यांनी शुद्धीवर येऊन घेतलेला निर्णय यांत फरक असतो. बहुतेकजणी येत नाहीत. काही येतात. एकजण अठ्ठावन्नाव्या दिवशी आपल्या आजीला घेऊन आली. आजी म्हणाली, 'माझी दोन खोल्यांची जागा आहे, तिघं राहू.' अशा वेळी आम्ही हरलो असं मला कधीच वाटलेलं नाही. तुमच्या बहिणीसाठी ही तिसरी वाटही उघडी ठेवा. सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2015 मध्ये स्पष्ट केलं आहे की अविवाहित आईला पालकत्वासाठी वडिलांचं नाव जाहीर करायची सक्ती नाही, आणि तिच्या बाळाचा जन्मदाखलाही अडवता येत नाही.

60 दिवस उलटले की समिती बाळाला दत्तकासाठी मोकळं जाहीर करते. मग बाळाची माहिती केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या, म्हणजे 'कारा'च्या, ऑनलाइन यंत्रणेवर जाते आणि रांगेत पुढे असलेल्या पालकांना दाखवली जाते. त्या पालकांच्या घराची, उत्पन्नाची, तब्येतीची चौकशी आधीच झालेली असते. शेवटचा आदेश जिल्हाधिकारी देतात, आणि पुढची दोन वर्षं बाळाची विचारपूस चालू राहते. देशभरात दत्तकासाठी नोंदणी केलेली कुटुंबं 30 हजारांहून जास्त आहेत, आणि 2024-25 या वर्षात सुमारे साडेचार हजार मुलं दत्तक गेली. लहान, निरोगी बाळासाठी पालक तीन-तीन वर्षांहून जास्त थांबतात. तेव्हा 'बाळाला कोण घेईल' ही काळजी करू नका.

एक गोष्ट मात्र लपवणार नाही. बाळाला जन्मतः मोठं व्यंग असेल, तर ही रांग एकदम आखूड होते. अशी मुलं संस्थेत वर्षानुवर्षं थांबतात, त्यांतल्या बऱ्याच जणांना परदेशातले पालक मिळतात, काहींना कुणीच नाही. म्हणून 18 ते 20 आठवड्यांमधली सोनोग्राफी चुकवू नका. तिचा निकाल काहीही आला, तरी तुमच्या बहिणीला तो स्वतःच्या कानांनी ऐकायला मिळायला हवा.

लोकांना कळेल का? गर्भपाताच्या कायद्यातही गोपनीयतेची सक्ती आहे आणि बाल न्याय कायद्यातही. समर्पण करणाऱ्या आईची ओळख दत्तक पालकांना दिली जात नाही. तिच्यावर त्यासाठी पोलिसांत गुन्हाही नोंदवता येत नाही, हे कायद्यातच लिहिलं आहे. (ती अठराच्या आतली असती तर गोष्ट वेगळी होती, तेव्हा पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा लागू होतो. तुमची बहीण वीस वर्षांची आहे, तेव्हा तो प्रश्न नाही.) रात्री अंधारात देवळाच्या पायरीवर किंवा बसस्टँडवर बाळ ठेवून जाणाऱ्या मुलींना हे कुणी सांगितलेलं नसतं. मुंग्या लागलेलं बाळ एकदा ज्यानं हातात घेतलंय, त्याला ही माहिती गावोगाव भिंतींवर रंगवावीशी वाटेल.

पण मूल मोठं झाल्यावर शोध घेऊ शकतं, हेही तिला आत्ताच सांगा. अठरा पूर्ण झाल्यावर ते आपल्या मुळांची माहिती मागू शकतं. जन्मदातीनं ओळख उघड करू नका असं लिहून ठेवलं असेल, तर तिला विचारल्याशिवाय ती दिली जात नाही. वीस वर्षांनी एक दिवस संस्थेचा फोन येऊ शकतो, हे सही करण्याआधी माहीत असलेलं बरं.

आता बाळंतपणानंतरचे दिवस. याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध येतं. बाळ जवळ नसलं तरी येतं. छाती दगडासारखी होते, कपडे भिजतात, दुसऱ्या खाटेवरचं बाळ रडलं की आणखी येतं. डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, घट्ट आधार देणारे कपडे आणि थंड पट्ट्या जवळ ठेवा, आणि त्या रात्री तिला एकटी ठेवू नका. शक्य असेल तर दुसऱ्या वॉर्डात खाट मागा. बाळाला बघायचं की नाही, हातात घ्यायचं की नाही, हे तिनं ठरवावं. 'बघू नकोस, जीव गुंतेल' असं म्हणणाऱ्या बायका चांगल्या मनाच्या असतात, पण माझा अनुभव उलटा आहे. ज्यांनी बाळाला डोळे भरून पाहिलं, नाव ठेवलं, निरोप घेतला, त्या पुढे जास्त सावरल्या. महिन्या-दीड महिन्यानंतरही झोप नाही, जेवण नाही, जगावंसं वाटत नाही असं झालं, तर तो 'पश्चात्ताप' समजून सोडून देऊ नका, मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. आमच्याकडे येऊन गेलेली एकजण दरवर्षी एका ठरावीक तारखेला फोन करते. बाळ कुठे आहे हे मी तिला सांगू शकत नाही, ती विचारतही नाही. आम्ही दोघी पाच मिनिटं पावसापाण्याचं बोलतो.

ऑक्टोबर 2023 मधलं एक प्रकरण तुम्ही वाचलं असेल. दोन मुलांची 27 वर्षांची आई, धाकटं बाळ अंगावर पीत असल्यानं पाळी आलीच नव्हती, दिवस गेल्याचं फार उशिरा कळलं. तिची मानसिक स्थिती नाजूक होती. 26 आठवडे उलटल्यावर सर्वोच्च न्यायालयानं परवानगी नाकारली. बाळंतपण सरकारी खर्चानं दिल्लीच्या एम्समध्ये होईल, आणि बाळ दत्तक द्यायचं की ठेवायचं हे आईवडिलांनी ठरवावं, असं सांगितलं. गर्भपाताला विरोध करणाऱ्या माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांना त्या दिवशी आनंद झाला. मला त्या बाईच्या पुढच्या तीन महिन्यांची काळजी वाटत राहिली. दत्तकाची वाट मला जवळची आहे, म्हणूनच ती कुणाच्या मानेवर ठेवलेली पाहवत नाही.

तेव्हा तिची समजूत घालायला जाऊ नका. तिच्याजवळ बसा आणि विचारा, 'तुला काय वाटतं?' उत्तर लगेच येणार नाही. दोन-तीनदा विचारावं लागेल, आणि आई-मामा घरात नसताना विचारावं लागेल. ती गर्भपात म्हणाली, तर तिच्यासोबत चांगल्या डॉक्टरकडे जा, 20 आठवडे व्हायच्या आत. तुम्हाला ते जड जाईल, मलाही जातं. तरी जा. ती बाळ जन्माला घालायचं म्हणाली, तर याच आठवड्यात जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात किंवा जवळच्या दत्तक संस्थेत दोघी मिळून या. तिला घरात राहणं अवघड झालं तर 181 या महिला हेल्पलाइनवर फोन केला की सखी केंद्राचा, म्हणजे अडचणीतल्या बायकांसाठीच्या सरकारी मदत केंद्राचा, पत्ता मिळतो. सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत होतं, लग्नाचा दाखला लागत नाही. कॉलेजचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून प्राचार्यांशी वैद्यकीय रजेबद्दल तुम्ही बोला, तिला पाठवू नका.

आणि त्या जोडप्याला आज संध्याकाळीच 'कारा'च्या संकेतस्थळावर नोंदणी करायला सांगा. बारा वर्षं थांबलेत, त्यांची रांग नोंदणीच्या तारखेपासून सुरू होते. त्यांना मिळेल ते बाळ बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी जिल्ह्यातलं असेल. तुमच्या बहिणीचं नसेल, आणि तसंच ते दोन्ही घरांसाठी बरं असेल.